क्लेमचं पासबुक

कराड,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

परवा वहिनींचा हिला फोन आला होता. तुला न सांगता केला होता आणि मी ते तुला सांगतोय. याचा राग त्यांच्यावर काढू नकोस. फार काही बोलल्या नाहीत. ओंकारच्या अपघाताच्या क्लेमचे पैसे जमा होऊन तीन महिने झाले, पासबुक तू त्याच्या कपड्यांच्या घडीखाली ठेवलंयस, विषय काढला की ताटावरून उठतोस, एवढंच. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, धाकटीची फी भरायची मुदत या महिनाअखेर संपते.

फोन केला तर तू “बघू, बघू” म्हणून ठेवून देशील. म्हणून लिहायला बसलोय.

निकाल लागला त्या दिवशी सांगलीला कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तू म्हणालास, “विन्या, पोराची किंमत ठरली बघ माझ्या.” मी तेव्हा गप्प बसलो. तुझ्या हातातला ग्लास हिंदकळत होता आणि मला काही सुचलं नाही. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ते बरोबर नाही, दत्ता. तिथं त्याची किंमत कुणी ठरवली नाही. काय ठरवलं ते मी निकालाची प्रत दोनदा वाचून समजून घेतलंय. तू एकदाही वाचली नाहीस, म्हणून सांगतो.

चाकणच्या कंपनीत ओंकारला पगार होता अठरा हजार. पुढे तो वाढला असता म्हणून कोर्टानं त्यात ४० टक्के धरले. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाला तसे धरतात. झाले २५,२०० रुपये. आणि मग त्यातले निम्मे कापले. लग्न न झालेला मुलगा आपल्या कमाईतला निम्मा भाग स्वतःवरच खर्च करतो, असं त्याच कोर्टाच्या २००९ च्या निकालात ठरलंय. उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. त्याला १८ नं गुणलं, कारण २१ ते २५ वयात गेलेल्याची तितक्या वर्षांची कमाई धरतात, त्याला गुणक म्हणतात. २७,२१,६०० रुपये. त्यावर आईबापाचं छत्र म्हणतात तसं मुलाचं सुख गेल्याबद्दल, आणि अंत्यविधीसाठी, अशा काही ठरलेल्या रकमा. आणि व्याज.

त्या कापलेल्या निम्म्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ते १२,६०० म्हणजे त्याचे बूट, त्याचा मोबाईल, शनिवारी रात्री दोस्तांबरोबरची मिसळ, पुढं कधीतरी बायकोला घेतली असती ती साडी. ते सगळं कोर्टानं आधीच बाजूला काढलं आणि ते कुणालाच मिळालं नाही. ओंकारचं स्वतःचं जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं, दत्ता. पासबुकात जे आलंय ते तो महिन्याच्या महिन्याला घरी पाठवणार होता ते आहे. गणपतीला आल्यावर आईच्या हातात द्यायचा ना, मोजून न बघता? ते आहे.

आणि आईच्या हातात म्हणालो ते उगीच नाही. आता जे लिहितो ते तुला लागेल. बापाला स्वतःचं उत्पन्न असतं म्हणून, वेगळा पुरावा नसेल तर, तो मुलावर अवलंबून होता असं कोर्ट सहसा धरत नाही, आईला धरतं. तुझी दीड एकर बागायत आहे, सोसायटीची नोकरी होती. म्हणून निकालात मोठा हिस्सा वहिनींच्या नावावर आहे आणि त्यातलाही निम्मा मुदत ठेवीत. पासबुकावर पहिलं नाव कुणाचं आहे ते बघ. ज्या पैशाला हात लावायचा नाही असं तू ठरवलंस, तो पैसा बहुतांशी तुझा नाहीच. तू सोडतोयस ते दुसऱ्याचं आहे. पोटात दुखत असताना माणूस जेवत नाही, ते समजतं. पण म्हणून त्यानं घरातल्या सगळ्यांच्या ताटावर झाकण ठेवायचं?

वहिनी अजून दुसऱ्याच्या उसात भांगलायला जातात. गुडघ्याला पट्टा बांधून. तुला हे दिसत नाही असं मी म्हणत नाही.

तू रक्ताचा पैसा म्हणतोस. ‘तो घेतला म्हणजे त्या ट्रकवाल्याला माफ केल्यासारखं.’ तसं नाही रे. फौजदारी केस वेगळी आहे, ती चालूच आहे, क्लेम घेतल्यानं ती मागं घेतली जात नाही. आणि हे पैसे त्या ड्रायव्हरच्या खिशातून आलेले नाहीत. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला कायद्यानं विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. तुझ्या ट्रॅक्टरचा हप्ता तू कित्येक वर्षं भरतोयस, तोही कुणाच्या तरी घरी असाच गेला असेल. त्या घरानं तो नाकारावा असं तुला वाटलं असतं का?

आता आमच्या घरचं सांगतो. तुला बरंचसं माहीत आहे, पण आईच्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

आण्णा गेले १९९५ साली, हायवेवर, सायकलवरून कामावर जाताना. क्लेमचे पैसे आले चार वर्षांनी. एक लाख ऐंशी हजार. आण्णा गवंडी होते. गावातले निम्मे स्लॅब त्यांच्या हातचे, आणि आमच्या घरावर फुटकी कौलं. पावसाळ्यात आई पातेली मांडायची. पैसे आले तेव्हा आईनं पहिलं काय केलं असेल तर माझ्या आणि ताईच्या वाट्याच्या ठेवीच्या पावत्या देवघरात ठेवल्या, आणि स्वतःच्या वाट्यातून स्लॅब टाकला. भावकीतल्या एका बाईनं पाणवठ्यावर, सगळ्यांच्या देखत, तिला ऐकवलं, “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातीया.” आई घागर भरून घरी आली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “त्यो असता तर त्यानंच टाकला असता. तीन पावसाळं म्हणत हुता.”

त्या म्हणीचा मला अजून राग येतो. लोणी कोण खातं? वकिलाला सांगून टक्का खाणारे खातात. खोटे वारस उभे करणारे खातात. ज्याचा माणूस गेला आणि ज्याच्या डोक्यावर पाणी गळत होतं, त्यानं छप्पर घातलं तर ते लोणी नव्हे. ती त्या माणसाची अर्धी राहिलेली मजुरी आहे.

पण आईच्या हातूनही चूक झाली. घरातल्याच एका वडीलधाऱ्यानं चाळीस हजार हातउसने मागितले, “सुगीला देतो” म्हणून. नवरा गेलेल्या बाईनं दिराला नाही म्हणायचं नसतं, असं तिला शिकवलेलं. ते पैसे परत आले नाहीत. ताईच्या लग्नात तोच माणूस पंगतीला पुढं बसला होता. सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अल्पवयीन मुलांचे, अशिक्षित बायकांचे पैसे ठेवीत ठेवावेत, म्हणजे कुणी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. मला पूर्वी वाटायचं, हा आपल्या बायकांचा अपमान आहे. आईला फसताना पाहिलं आणि मत बदललं. म्हणून वहिनींच्या ठेवीला हात लावायला कुणालाही सांगू नकोस. तुझा पुतण्या वाघोलीच्या प्लॉटचं बोलतोय ते माझ्या कानावर आलंय. गोड मुलगा आहे. पण ‘नाही’ म्हण.

आणि माझी गाडी. तुला आठवते ना, लाल? मागं बसून आपण नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. अठरा पूर्ण झाल्यावर माझ्या वाट्याचे पंचावन्न हजार सुटले आणि त्यातल्या चाळीसची मी मोटरसायकल घेतली. बाप रस्त्यावर गेला त्या पैशाची. आई एक शब्द बोलली नाही. काकूला बोलावून गाडीला हळदकुंकू लावायला सांगितलं, स्वतः उंबऱ्याच्या आत थांबली. मग रोज रात्री माझ्या गाडीचा आवाज येईपर्यंत चूल न विझवता बसायची. हे मला आठ महिन्यांनी ताईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी विकली, आलेल्या पैशात डीएडची फी भरली. तुला तेव्हा सांगितलं की इंजिन खराब होतं. खोटं होतं ते.

मी खूप वर्षं विचार केला की त्यात नेमकं काय चुकलं. पैसे कायद्यानं माझे होते. चैन केली हे चुकलं असंही मला वाटत नाही. अठरा वर्षांच्या पोरानं चैन करू नये तर कुणी करावी? चुकलं हे की तो पैसा आम्हा सगळ्यांच्या दुःखातून आला होता आणि मी तो एकट्यानं ठरवून वापरला. आईला विचारलं नाही. म्हणून तू जे करतोयस ते बघून मला तीच गाडी आठवली. तू उडवत नाहीयेस, तू पुरून ठेवतोयस. पण विचारलं कुणाला?

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही, आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. गरजेचं ठीक आहे, आनंदाचं काय? आईनं त्याच पैशातून कुकर घेतला होता. पहिल्या शिट्टीला ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. त्या हसण्याचा हक्क तिला होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण उद्या तू त्या पैशात टीव्ही घेतलास आणि त्यावर मॅच बघताना ओरडलास, तर तुला रात्री झोप लागेल का, हे मला सांगता येत नाही. ते तुझं तुलाच कळेल, आणि कदाचित बऱ्याच वर्षांनी.

गावातले देवळाला सभामंडप बांधू म्हणतायत, ओंकारच्या नावाची फरशी लावून. तुझा जीव त्यात अडकलाय हे मला कळतं. नाव राहावं कुणाला वाटत नाही? पण दहा लाखांचा मंडप, आणि बहीण बारावीवर थांबलेली? आधी पतसंस्थेचं त्याच्या गाडीचं कर्ज बघ. जामीन त्याचा दोस्त आहे, त्याच्या पगारातून दोन वर्षं हप्ता कापला जातोय आणि तो पोरगा तोंडानं बोलत नाही. ओंकार असता तर त्यानं ते पहिलं फेडलं असतं. मग फी. मग वहिनींचे गुडघे. मंडपाला त्यातून काय उरेल ते उरेल. शाळेला पुस्तकांचं एक कपाट दिलंस तरी त्याचं नाव त्यावर येईल.

दहाव्याच्या दिवशी आपण नदीवर होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढत चाललं. काका म्हणाले, ओंकारला त्या लग्नाळू वयात काय हवं असेल, बोला. कुणी काही बोललं, कुणी काही. कावळा फांदीवरून हलला नाही. मग तू हात जोडून, आवाज फुटत नव्हता तरी बोललास, “तुझ्या बहिणीला नर्सिंग करवतो. तू ठरवलंयस तसं.” आणि तो खाली आला. कावळा का येतो, का येत नाही, यावर माझा विश्वास किती, हे तुला माहीत आहे. पण तुझ्या शब्दावर माझा आहे. तू ते नदीला, मला आणि त्याला ऐकवून बोललास.

गुरुवारी मी रजा टाकलीय. पहिल्या गाडीनं निघतो, दहापर्यंत तुझ्याकडं. वहिनींना आधार कार्ड, पॅन कार्ड काढून ठेवायला सांग, बँकेत तिघं जाऊ. त्यांच्या सहीशिवाय काही होणार नाही. धाकटीला फीचा डीडी कॉलेजच्या कोणत्या नावानं काढायचा ते विचारून ठेव. आणि पासबुक कपाटातून तू काढ. वहिनींना ते कपडे हलवायला लावू नकोस.

तुझा,
विन्या

ता. क. हिनं मेथीचे लाडू दिलेत, वहिनींच्या गुडघ्यासाठी. डबा परत द्यायची घाई नाही.