श्रद्धेचा आवेश आणि कायद्याचा दंडुका

महोदय,

‘बायबल एकच, मग भांडण कशाचे?’ असे ख्रिस्ती पंथभेदांविषयी सहज विचारले जाते. पण बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार) तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या वयात स्वेच्छेने घ्यावा, एवढ्या प्रश्नावरून १५२७ साली झुरिकमध्ये जाणत्या वयातील बाप्तिस्म्याचा पुरस्कार करणाऱ्या फेलिक्स मान्झ यांना नदीत बुडवून मारण्यात आले, आणि ती शिक्षा देणारे नगरशासन स्वतः रोमच्या पोपची सत्ता झुगारणारे सुधारणावादी होते, ही बाब मला अधिक अस्वस्थ करते. उत्कट श्रद्धेत गैर काहीच नाही. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाने शस्त्र धरण्यास नकार दिला, तोही त्याच उत्कटतेतून. अनर्थ होतो तो कायद्याचा दंडुका एका पंथाच्या हाती गेल्यावर.

कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा हक्क मान्य केला आणि १९९९ मध्ये लुथरन या प्रोटेस्टंट पंथासोबत, माणसाचे तारण कशाने होते या जुन्या वादावरील संयुक्त घोषणापत्रावर सही केली. पोपचा अधिकार, स्त्रियांचे धर्मगुरूपद यांवरील मतभेद मात्र कायम आहेत, आणि ते असू द्यावेत. सार्वजनिक पदावरील व्यक्तीने आपली श्रद्धा लपवावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही; मात्र शाळेतील प्रार्थना असो वा नोकरीतील नेमणूक, भिन्नमताच्या ख्रिस्ती माणसाला आणि कोणतीच श्रद्धा नसलेल्यालाही तिने तोच न्याय लावला पाहिजे.

– एक वाचक