मी केस कापायला आले होते

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय: डोंबिवली शाखेत चुकीची माहिती देऊन बाळंतपणानंतरच्या केसगळतीचं पॅकेज विकल्याबद्दल तक्रार व पूर्ण परताव्याची मागणी.

महोदय/महोदया,

तुमच्या सलूनच्या डोंबिवली शाखेत मी केस कापून घ्यायला गेले होते. केस होते तसेच राहिले आणि १८,५०० रुपयांचं पॅकेज गळ्यात पडलं. शाखेच्या व्यवस्थापकांशी दोनदा बोलून झालं. दोन्ही वेळा उत्तर एकच: "मॅम, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, हवं तर क्रेडिट नोट देतो." मला क्रेडिट नोट नको आहे. पैसे परत हवे आहेत, आणि का हवेत ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तुमची माणसं पुरतं ऐकून घेत नाहीत.

तेव्हा माझं बाळ साडेचार महिन्यांचं होतं. चौथा महिना लागला आणि केस जे गळायला लागले ते थांबेनात. उशीवर केस, मोरीच्या जाळीत केस, वरणात केस. कंगवा फिरवायची भीती वाटायची. कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा उंदराच्या शेपटीएवढा उरला होता. पण मी केस कापायचं ठरवलं ते दिसण्यापायी नाही. एका संध्याकाळी बाळ काही केल्या शांत होईना. दूध झालं, लंगोट बदलून झाला, पोट शेकून झालं. शेवटी मोजा काढला तर पायाचं मधलं बोट लालभडक, टम्म सुजलेलं, आणि मुळाशी एक बारीक खाच. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं. माझाच एक केस दोन-तीन वेढे घेऊन बोटात रुतला होता. त्यांनी तो जपून कापून काढला. म्हणाले, अशी बाळं घेऊन आया येतात, केस गळण्याच्या या काळात तर जास्तच. वेळेवर लक्षात आलं नाही तर रक्तपुरवठा तुटून बोटावर बेतू शकतं. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, आता कापते.

घरात अर्थात एकमत नव्हतं. आई म्हणाली, बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतातच, त्याचं जावळ काढलं की तुझेही येतील, कशाला कापतेस. सासूबाई म्हणाल्या, काप बाई, दाणकन कापून टाक, त्या ओल्या अंबाड्यानं तुझं डोकं दुखतं. त्यांच्या आत्यांचं मत असं की सवाष्णीनं केसांना कात्री लावू नये. त्यांच्या पिढीच्या मनात केशवपनाची आठवण आहे, म्हणून मी वाद घातला नाही. (१८९० साली याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायला नकार दिला होता. बाईचे केस कापायला नकार देण्याचा तो एक मानाचा इतिहास आहे. तुमच्या शाखेनं दिलेला नकार त्या जातीचा नव्हता.)

तर खुर्चीत बसून मी सांगितलं, हनुवटीपर्यंत कापा. मुलीनं केस ओले केले, कात्रीही हातात घेतली. तेवढ्यात पांढरा कोट घातलेल्या एक 'हेअर एक्स्पर्ट' आल्या. बाळ किती महिन्यांचं, अंगावर पाजता का, असं विचारून त्यांनी उत्तरं फॉर्मवर लिहिली. मग एक छोटा कॅमेरा माझ्या भांगात टेकवला आणि समोरच्या पडद्यावर माझं टाळू केवढं तरी मोठं करून दाखवलं. "हे बघा मॅम, इथे रूट्स डेड झालेत. आत्ता कात्री लावली तर जे आहेत तेही परत वाढणार नाहीत. डिलिव्हरीनंतर वर्षभर हेअरकट करूच नये. आधी रूट्स रिव्हाइव करू, मग कापू."

यातलं एकही वाक्य खरं नाही. हे माझं मत म्हणून सांगत नाही. मी नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले आणि त्यांनी मला पाच मिनिटांत जे समजावलं ते तुमच्या पांढऱ्या कोटातल्या कुणालाही ठाऊक असायला हवं. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे एरवी रोज गळणारे केसही टिकून राहतात. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात सगळे म्हणतात, काय केस झालेत तुझे! बाळंतपणानंतर ते संप्रेरक एकदम खाली येतं आणि थांबलेले केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन दोन-चार महिन्यांनी गळायला लागतात. एरवी दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं सामान्य असतं, या काळात ते पुष्कळ जास्त जातात. मूळ मात्र मेलेलं नसतं. केस पडतो तेव्हा त्याच जागी नवा केस बहुतेक वेळा यायला लागलेला असतो. बहुतेक बायकांचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास पूर्ववत होतात. आणि कात्री चालते ती त्वचेच्या बाहेरच्या केसावर. त्या केसात जीव नसतो, वाढ आत मुळाशी होते. कापल्यानं केस जोमानं वाढत नाहीत आणि वाढायचे थांबतही नाहीत. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, कापा किंवा कापू नका.

आता तुमचं पॅकेज बघा. आठ सेशन्स, दर पंधरा दिवसांनी एक, म्हणजे साडेतीन-चार महिने. साडेचार महिन्यांच्या बाळाची आई हे पॅकेज संपवेल तेव्हा बाळ आठ-साडेआठ महिन्यांचं असेल. नेमकी तीच वेळ, जेव्हा केस आपसूक गळायचे थांबतात आणि कपाळावर नवीन बारीक केस उभे राहिलेले दिसतात. मग तुमचा कॅमेरा ते मोठे करून दाखवणार आणि म्हणणार, बघा, रिझल्ट. निसर्ग फुकट करतो त्या कामाचं बिल तुम्ही फाडता. इतकं बेमालूम वेळापत्रक सहज जमत नाही. काउंटरमागे लावलेल्या फळ्यावर 'पोस्ट-डिलिव्हरी पॅकेज' या नावापुढे महिन्याचं टार्गेट खडूनं लिहिलेलं मी बाळाला खांद्यावर घेऊन उभी असताना वाचलं आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. पॅकेजमध्ये एक सीरम दिलं होतं, रोज रात्री टाळूला लावायला. घरी आल्यावर खोकं उघडलं. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, मुंगीच्या अक्षरात छापलं होतं की गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. मी अंगावर पाजते हे तुमच्या फॉर्मवर तुमच्याच कर्मचाऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे. हे सीरम देताना डॉक्टरांना विचारा, एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. बाळ माझ्या मानेत तोंड खुपसून झोपतं, केस मुठीत धरून तोंडात घालतं.

सोबत बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही होत्या, त्या चघळायच्या, रंगीत. डॉक्टरांनी मला हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण बाळंतपणानंतर रक्त कमी झालेलं असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी केस गळतात आणि त्याला खरंच औषध लागतं. त्यांचा पहिला प्रश्न होता, बायोटिन घेताय का? मोठ्या मात्रेत बायोटिन चालू असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. म्हणजे जिचे केस खरोखर आजारापायी जात असतील, तिची तपासणीच तुमच्या गोळ्यांनी फसवली असती. तुमच्याकडे आलेल्या किती बायकांना कुणी म्हणालं असेल की ताई, आधी रक्त तपासून घ्या?

शेवटच्या सेशनला केराटिन स्मूदनिंग, म्हणजे द्रव लावून गरम इस्त्रीनं केस सरळ-मऊ करणं, 'कॉम्प्लिमेंटरी' होतं. त्यात फॉर्मॅल्डिहाइड आहे का, असं मी विचारलं. "फॉर्मॅल्डिहाइड-फ्री आहे मॅम, एकदम सेफ." मग बाटली दाखवा म्हटलं तर बाटली स्टोअरमध्ये होती. अशा काही द्रवांवर गरम इस्त्री फिरवली की फॉर्मॅल्डिहाइडची वाफ निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणलं आहे. तेव्हा शब्दावर विश्वास ठेवायचा प्रश्न येत नाही, घटकांची यादी दाखवायची असते.

मला खुर्चीत काय ऐकायला हवं होतं, तेही सांगते. कापू की नको, हा प्रश्न अगदी सोपा नव्हता, आणि जाणकार हाताचा सल्ला मिळाला असता तर मी त्याचे पैसे आनंदानं दिले असते. खांद्याच्या खाली ठेवले तर रबर लावून बांधता येतील, पण ओले बांधू नका आणि ताणून बांधू नका, आधीच नाजूक झालेत. हनुवटीपर्यंत घेतले तर न्हाऊन झाल्यावर लवकर वाळतील, दाट दिसतील, पण बांधता येणार नाहीत आणि दीड-दोन महिन्यांनी आकार द्यायला यावं लागेल. लेयर्स मागू नका, विरळ केसांत लेयर्स घेतले की टोकं अजून झडल्यासारखी दिसतात, सरळ एका रेषेत कापू. कापल्यानं गळणं थांबणार नाही, बाळाचे मोजे रोज उलटे करून बघत जा. भांग थोडा बाजूला घ्या. आणि सहा महिन्यांनी कपाळाशी आखूड केस ताठ उभे राहतील तेव्हा घाबरून येऊ नका, ते नवे केस आहेत. यासाठी कॅमेरा लागत नाही.

हे सगळं मला आमच्या गल्लीतल्या पार्लरच्या काकूंनी सांगितलं. ४०० रुपये घेतले, बाळाला त्यांच्या मुलीनं सांभाळलं, आणि हनुवटीपर्यंत केस कापून झाले. सासूबाई खूश आहेत. आई अजून बोलत नाही, पण ते आम्ही बघून घेऊ.

तुमच्या शाखेतल्या मुलींबद्दल एक स्पष्ट करते. त्यांच्यावर खापर फोडून तुम्ही हात झटकावेत यासाठी हे पत्र नाही. टार्गेट वरून येतं, फॉर्म वरून येतो, काय बोलायचं तेही वरूनच शिकवलेलं असतं. रात्रीची झोप नसलेल्या, मांडीवर रडतं मूल घेऊन बसलेल्या बाईला तिचंच विरळ टाळू पडद्यावर दाखवायचं आणि 'डेड' म्हणायचं, ही युक्ती केस धुणाऱ्या मुलीला सुचलेली नाही. कारवाई करायचीच तर ज्यानं हे ट्रेनिंग लिहिलं त्याच्यावर करा.

आता मागण्या. पॅकेजची पूर्ण रक्कम, १८,५०० रुपये, ज्या कार्डवरून घेतली त्याच कार्डवर परत करावी. एक सेशन झालं आहे हे मला मान्य आहे, पण ते खोट्या माहितीच्या आधारावर विकलेलं असल्यामुळे त्याचे पैसे वजा करणं मला मान्य नाही. सीरम आणि गोळ्या मी शाखेत परत द्यायला तयार आहे, सीरमच्या बाटलीचं सील उघडलेलं नाही. 'डिलिव्हरीनंतर वर्षभर केस कापू नयेत' आणि 'रूट्स डेड' हे दावे तुमच्या सर्व शाखांत बंद झाले आहेत, असं लेखी कळवावं. स्तनपान करणाऱ्या ग्राहकाला इशारा छापलेलं उत्पादन देताना तो इशारा तोंडी सांगितला जाईल आणि स्मूदनिंगच्या द्रवातील घटकांची यादी मागितल्यास लगेच दाखवली जाईल, याचीही लेखी हमी हवी.

'नॉन-रिफंडेबल' हा शब्द पावतीवर छापला म्हणजे विषय संपला, असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सेवेच्या उपयुक्ततेबद्दल खोटी माहिती देऊन ती विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं, हेही त्याच कलमात येतं. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परतावा आणि लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मी राहते त्या जिल्ह्यात मला तक्रार करता येते, ती ऑनलाइन दाखल होते, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. नुकसानभरपाई आणि खर्च त्या वेळी वेगळा मागेन.

पावती, तुमच्या कर्मचाऱ्यानं भरलेल्या फॉर्मचा फोटो, सीरमच्या खोक्यावरच्या इशाऱ्याचा फोटो आणि शाखा व्यवस्थापकांचे मेसेज सोबत जोडले आहेत. माझं नाव आणि मोबाइल क्रमांक पावतीवर आहे. फोन दुपारी दोन ते चार या वेळेत करू नये, बाळ तेवढंच झोपतं. ईमेल केव्हाही चालेल.

आपली ग्राहक,
डोंबिवली पूर्व