एसीवाले दादा, तुमचं खोकं अजून माझ्याकडेच आहे

एसीवाले दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही पावती फाडली नाहीत, मग नाव कळणार तरी कुठून! कंपनीला फोन लावला, तर 'तक्रार असल्यास एक दाबा.' अहो, तक्रार नाहीये. आभार मानायला कोणतं बटण, ते काही ती बाई सांगेना. म्हणून हे उघड पत्र.

ऑक्टोबरमधला तो रविवार. तुम्ही नुकतं स्टूल लावलं होतंत. बाहेर फीडरवर ठिपकेवाल्या मुनियांची पंगत बसली होती, आणि एकदम सगळं चिडीचूप झालं. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, येतो तेव्हा असंच होतं; आधी आवाज जातात, मग तो दिसतो. मुनिया उधळल्या आणि पाठोपाठ काचेवर धाडकन काहीतरी आदळलं. मला वाटलं, तुमच्याच हातून काहीतरी पडलं. मी जरा रागानेच बघितलं तुमच्याकडे. माफ करा.

तो तुळशीच्या कुंडीमागे पडला होता. पंख पसरलेले, चोच उघडी. आकार पारव्याएवढाच, पण पायांकडे पाहिलं की पारवा विसरायला होतं. डोळे पिवळे, छातीवर तपकिरी थेंबांच्या ओळी, म्हणजे अजून पिल्लूच. मोठ्या शिक्र्याच्या छातीवर आडव्या तांबूस रेघा असतात. पानांतून सुसाट घुसून मुनिया कशी पकडायची ते हा शिकत होता. काचेत दिसणारा शेवगा खरा नसतो, हे त्याला कोण शिकवणार?

मग माझी फोनाफोनी. एका हेल्पलाइनने नाव, पत्ता, पिनकोड सगळं घेतलं आणि 'कळवतो' म्हणून ठेवून दिलं. एका दवाखान्यात 'आम्ही कुत्री-मांजरंच बघतो.' सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर तीन अंगठे, एक 'मस्त शॉट काकू', आणि एका सभासदाचं भलंमोठं प्रवचन: दाणे घालू नका म्हणून सांगितलं होतं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हापासून माझा वीतभर फीडरही यांना कबुतरखाना वाटतो. अहो, त्याच्या दांडीवर कबुतराचं एक पाऊल मावत नाही! पण असो. मुलुंडमध्ये, डोंगराच्या पायथ्याशी राहायचं आणि पाखरं नकोत, या मंडळींपुढे बोलून उपयोग नाही.

तोवर मी शहाणी चमच्यात पाणी घेऊन त्याच्या चोचीशी पोचले होते. "मावशी, पाणी नको," तुम्ही म्हणालात. "जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं. गुदमरून मरेल." आवाज न चढवता. मग पंखा बंद केलात, टॉवेल मागितलात आणि अलगद त्याच्या डोक्यावरून टाकलात. तरी त्याने एक नखी तुमच्या अंगठ्यात रुतवलीच. तुम्ही हात झटकला नाहीत. तान्ह्या पोराची मूठ सोडवावी तसं एकेक बोट उकललंत आणि उलट त्यालाच म्हणालात, "घाबरलायस ना?"

पण मला सगळ्यांत लक्षात राहिलंय ते खोकं. तुमच्या पिशवीजवळचं पुठ्ठ्याचं खोकं रिकामं करून तुम्ही स्क्रूड्रायव्हरने त्याला भोकं पाडलीत. पाडलीत ती आतून. हात खोक्यात घालून, आतून बाहेर. मला कळेना, बाहेरून सोपं नाही का पडणार? तुम्ही वर न बघताच म्हणालात, "बाहेरून पाडली की फाटका कागद आत येतो. पिसं अडकतील त्याची."

दादा, मी छत्तीस वर्षं नोकरी केली. योजना आखणारे, भाषणं ठोकणारे पुष्कळ पाहिले. पण टोकेरी बाजू कोणाकडे राहील याचा विचार आधी करून मग भोक पाडणारी माणसं फार कमी भेटली. शिकवून येतं की नाही, मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, गावाला तुमची आजी शिक्र्याला शिव्या घालायची, कोंबडीची पिल्लं न्यायचा म्हणून. पण तोच जखमी सापडला की डालग्याखाली अंधारात झाकून ठेवायची.

पुढचे दोन तास तुम्ही जिन्यात बसून होतात. आवाज नको म्हणून प्रेशर पंप लावला नाहीत, पुढची दोन कामं फोनवर पुढे ढकललीत. त्याचे पैसे घेतले नाहीत आणि अंगठ्याला हळद लावू दिलीत तीही मी ओरडल्यावर. शेवटी बागेत खोकं आडवं करून झाकण उघडलं. तो काठावर आला, अंग फुलवून झटकलं, आपल्या दोघांकडे अतिशय तुच्छतेने पाहिलं आणि शेवग्यावरून सरळ डोंगराकडे गेला. हेल्पलाइनचा फोन संध्याकाळी सात वाजता आला. "पक्षी आहे का अजून?"

आता फीडर काचेपासून दोन फुटांवर आणलाय. एवढ्या अंतरात पाखराला आदळण्याइतका वेग घेता येत नाही. काचेवर बाहेरून पांढऱ्या पट्ट्याही मारल्यात. तो येतो अधूनमधून. तोच आहे की दुसरा, देव जाणे. पूर्वी मी टाळ्या वाजवून त्याला हाकलायचे, माझ्या मुनिया खातो म्हणून. हल्ली चहाचा कप हातात धरून नुसती उभी राहते. परवा त्याने एक सरडा नेला. मुनियांनी तासाभराने येऊन पुन्हा पंगत मांडली.

एसी मात्र गळतोच आहे, खाली बादली लावलीय. दुसऱ्या कोणाला मी बोलावलेलं नाही. सवडीने या, आणि येताना जेवायच्या वेळेला या.

तुमची,
शेवग्याच्या झाडाखालची मावशी