डिझेल सरचार्जबाबत बैठक : रविवारी सकाळी ११ वाजता, लोहामंडी, इंदूर

सर्व गाडीमालक सभासदांना नमस्कार,

डिझेलचा भाव रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो, आपलं भाडं मात्र महिनोन्‌महिने तेच राहतं. म्हणून येत्या रविवारी लोहामंडीतल्या नेहमीच्या ऑफिसात सरचार्जची, म्हणजे डिझेल वाढल्यावर भाड्याव्यतिरिक्त घ्यायच्या जादा रकमेची, एकच पद्धत ठरवायची आहे.

काही जण भाड्यावर सरसकट टक्के लावतात. ते मला योग्य वाटत नाही. भाड्यात टोल, हमाली, गाडीच्या कर्जाचा हप्ता हेही येतं आणि डिझेल वाढलं म्हणून ते काही वाढत नाही. हिशोब किलोमीटरवर हवा : आजचा भाव वजा मूळ भाव (भाडं ठरलं तेव्हाचा), भागिले गाडीचं ऍव्हरेज (लिटरला किती किलोमीटर). समजा मूळ भाव ९०, आजचा ९४ आणि ऍव्हरेज ४, तर किलोमीटरला १ रुपया. इंदूर-मुंबई साधारण ५९० किलोमीटर, म्हणजे ५९० रुपये. व्यापाऱ्यालाही हे कागदावर दाखवता येतं.

येताना आणा :
- गेल्या ३ महिन्यांच्या डिझेलच्या पावत्या
- भरलेल्या गाडीचं खरं ऍव्हरेज, अंदाज नको

वडोदरा लाईनवाल्यांनी जरूर यावं. गुजरातेत डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त, तेव्हा भाव कुठला धरायचा ते तुमच्याशिवाय ठरणार नाही. परतीची गाडी रिकामी येते, त्याचाही विचार होईल.

एक विनंती आहे. डिझेल उतरलं की सरचार्जही उतरवायचा, हे मान्य करूनच या. बैठक होईपर्यंत कोणीही बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) नवा सरचार्ज लिहू नये.