घर घेणाऱ्याच्या बाजूने बसणारा माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मुलीसोबत ठाण्यातल्या एका गृहप्रदर्शनाला गेलो होतो. प्रत्येक विकासकाच्या टेबलाशेजारी कर्ज देणाऱ्याचे टेबल, त्याच्या पलीकडे एजंट. सगळे अदबीने बोलत होते, हप्ता किती पडेल ते मोबाइलवर काढून दाखवत होते. पण तिथल्या प्रत्येकाचा पगार किंवा कमिशन आमच्या सहीवर अवलंबून होते. 'एवढे कर्ज तुम्हाला झेपणार नाही, दोन वर्षे थांबा' असे सांगण्यासाठी त्या सभागृहात कोणीही नव्हते. मी बँकेच्या कर्ज विभागात २९ वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे मुलीला सल्ला द्यायला मी होतो. ज्यांच्या घरात असा कोणी नाही त्यांनी कोणाला विचारायचे?

अमेरिकेत या कामासाठी सरकार पैसे देते. तिथल्या १९६८ च्या गृहनिर्माण आणि नगरविकास कायद्याच्या कलम १०६ मध्ये गृह-समुपदेशनाची तरतूद आहे. केंद्राचे गृहनिर्माण खाते मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांना दरवर्षी अनुदान देते. अलीकडच्या काही वर्षांत ही रक्कम पाच-सहा कोटी डॉलरच्या घरात होती. घर घ्यावे की भाड्याने राहावे, हप्ता थकला तर काय करावे, घरमालक बाहेर काढू लागला तर काय करावे, हे सारे या संस्थांमधल्या सल्लागाराला विचारता येते. ज्याची ऐपत नाही त्याच्याकडून फी घेता येत नाही. संस्थेचे एखाद्या बँकेशी किंवा विकासकाशी संबंध असतील तर ते ग्राहकाला आधी सांगावे लागतात.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अनुदानाचा दुसरा भाग, सल्लागारांच्या प्रशिक्षणाचा. २००८ च्या मंदीत लाखो लोकांची घरे जप्तीला आली, तेव्हा सल्ला देणारे अपुरे पडले आणि पैसे घेऊन 'तुमचे घर वाचवून देतो' म्हणणारे ठग मोकाट सुटले. २०१० मध्ये वित्त-सुधारणेचा मोठा कायदा झाला, त्यात गृह-समुपदेशनासाठी स्वतंत्र कार्यालयाची तरतूद झाली आणि सल्लागाराला परीक्षा सक्तीची झाली. कुटुंबाचे आर्थिक नियोजन, घर परवडते का याचा हिशेब, घराची देखभाल, मालक आणि भाडेकरू यांच्या जबाबदाऱ्या, घर देताना होणारा भेदभाव, जप्ती आणि बेदखली टाळणे, असे सहा विषय. ऑगस्ट २०२१ पासून हे प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला या योजनेखाली सल्ला देता येत नाही. वृद्धांनी घर तारण ठेवून पैसे घेण्याची तिथली जी सरकारी विमा असलेली योजना आहे, तिच्यात तर अशा सल्लागाराला भेटल्याशिवाय कर्जच मिळत नाही.

आपल्याकडचे सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताई एका संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. "काका, एवढा कागद बघता का?" गॅसच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेली नोटीस त्यांनी काढली. एका गृहवित्त कंपनीची, सरफेसी कायद्याखालची (कर्ज थकले तर तारण ठेवलेले घर ताब्यात घेण्याचा कायदा), चार पानी, सगळी इंग्रजीत. बदलापूरच्या वन-रूम-किचनवर कर्ज होते. नवऱ्याच्या रिक्षाला अपघात झाला, चार हप्ते थकले आणि खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा झाले. नोटिशीत पूर्ण शिल्लक कर्जाचा आकडा होता. तो पाहून, आता सगळे एकरकमी भरले तरच घर वाचेल असे समजून दोघे गप्प बसले होते. मधल्या काळात 'सेटलमेंट करून देतो' म्हणणाऱ्या एकाला पंधरा हजार देऊन झाले होते.

मी आधी तारीख पाहिली. नोटिशीने दिलेल्या साठ दिवसांच्या मुदतीतले एक्कावन्न उलटले होते.

या साठ दिवसांत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेला बंधनकारक असते. हे कायद्यातच आहे, कलम १३ (३अ). ताबा घेण्याची पावले त्यानंतरची, आणि तेव्हाही ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्या रात्री आम्ही पत्र लिहिले. अपघाताचे कागद, रिक्षा पुन्हा सुरू झाल्याची तारीख, दरमहा किती भरता येईल ते आकड्यात, आणि थकलेले हप्ते टप्प्याटप्प्याने घेण्याची विनंती. दुसऱ्या दिवशी ताईंनी रजा टाकून ते शाखेत दिले. पोच घेतल्याशिवाय उठू नका, असे मी बजावले होते. इनवर्डचा शिक्का मारलेली ती प्रत त्यांनी मला आणून दाखवली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. पुढे तीन खेपा झाल्या, पण मुदत वाढवून मिळाली. घर आज त्यांच्या ताब्यात आहे.

यात माझे कौतुक काही नाही. कर्ज विभागात काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. पण ताईंना मी भेटलो तो योगायोगाने, आणि हक्काचा सल्ला असा योगायोगावर सोडलेला मला सहन होत नाही.

घर घेतानाही तेच. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आजही वीस-वीस टक्के भरून हातात नुसती पावती घेऊन आलेली माणसे मला भेटतात. प्रकल्पाचे पान महारेराच्या, म्हणजे राज्यात हा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर उघडून पूर्णत्वाची तारीख, खटले, बोजा पाहायला दहा मिनिटे लागतात, पण काय पाहायचे ते कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते.

महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते उत्तम झाले. पण विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस परीक्षा देऊन बसला आणि घेणाऱ्याच्या बाजूची खुर्ची रिकामीच राहिली. महारेराचा सलोखा मंच चांगला आहे, तिथे ग्राहक संघटनांचे लोक मनापासून काम करतात. मात्र तिथे माणूस पोचतो तो भांडण झाल्यावर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि अल्प उत्पन्न गटाला मोफत वकील देते, हेही अनेकांना माहीत नसते. शिवाय हप्ता झेपेल का, हा वकिलाला विचारायचा प्रश्न नव्हे.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. ठाण्यात किंवा पुण्यात पुरुषाच्या नावावर ५० लाखांचे घर घेतले तर ७ टक्क्यांनी साडेतीन लाख मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी सरकारजमा होते. ते भरताना सामान्य माणूस बायकोचे दागिने मोडतो. त्यातला अगदी किरकोळ वाटा त्याला शहाणे करण्यासाठी बाजूला काढता येईल. याला देशात दाखलाही आहे. बँकांमधल्या बेवारस ठेवींतून रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी उभा केला आणि त्याच्या मदतीने स्वयंसेवी संस्था तालुका पातळीवर वित्तीय साक्षरता केंद्रे चालवतात. सेवाभावी संस्थेला सरकारी निधीतून सल्ल्याचे काम देणे आपल्याला नवीन नाही.

माझी मागणी अशी. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने ग्राहक संघटना, महिला मंडळे, सार्वजनिक ग्रंथालये यांना गृह-सल्ला केंद्रासाठी अनुदान द्यावे. सुरुवातीला ठाणे, पुणे, नाशिक असे दोन-तीन जिल्हे पुरेत. विकासक, बँक किंवा एजंट यांच्याकडून एक रुपयाही घेणाऱ्या संस्थेला ते मिळू नये. सल्लागारांचा अभ्यासक्रम मराठीतून असावा आणि परीक्षाही. हप्त्याचे गणित, करारनामा वाचणे, रेरा, सरफेसी, पुनर्विकासाचे नियम, भाडेकरार एवढे त्यात यावेच. माझ्यासारखे निवृत्त बँक कर्मचारी, नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले लोक गावोगाव आहेत, त्यांना शिकवले तर ते आनंदाने बसतील. पण मानधन द्या. फुकटच्या कामावर केंद्र वर्षभर टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आणि कर्जवसुलीच्या नोटिशीसोबत मराठीत एक पान जोडणे सक्तीचे व्हावे, ज्यावर मुदतीची शेवटची तारीख ठळक आकड्यात आणि जवळच्या सल्ला केंद्राचा पत्ता असेल.

सध्या मी दर शनिवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात एक टेबल घेऊन बसतो. गेल्या शनिवारी सात जण आले होते. त्यातल्या दोघांच्या हातात नोटिसा होत्या आणि दोघांचेही साठ दिवस उलटून गेले होते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
डोंबिवली (पूर्व)