बंड्यास पत्र: शेठना विचारलेला दुसरा प्रश्न

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सात महिन्यांत तुला एक ओळ पाठवली नाही. तुझे तीन मेसेज वाचले आणि दर वेळी "निवांत उत्तर देऊ" म्हणून ठेवून दिले. चिडला असशील तर चीड, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. इथे जे झालंय ते घरात सांगून कळत नाही आणि ग्रुपवर सांगण्यासारखं नाही. तब्येती ठीक आहेत. आईचा गुडघा तसाच. मला शुगर निघाली, गोळी चालू आहे. झालं.

आपला फुटबॉल क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला हे तुला पक्याने कळवलं असणारच. शेवटच्या मॅचला बरोबरी पुरे होती. एसएसपीएमएसच्या मैदानावर ८८व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. मग कॉर्नर आला, आपले दोघे एकाच माणसाला धरून उभे राहिले आणि तिसरा मोकळा सुटला. बॉल जाळ्यात गेल्यावर आपला गोलकीपर गुडघ्यावर बसला तो उठेचना. अण्णांनी आत जाऊन त्याला हात धरून बाहेर आणलं. पंधरा वर्षांत अण्णांना मॅचच्या आधी फक्कीच्या रेघा मारायला किंवा मॅचनंतरच मैदानात पाय टाकताना पाहिलंय, मॅच चालू असताना कधी नाही.

पण लिहायचंय ते त्या गोलबद्दल नाही. चौथ्या दिवशी क्लबचे मालक म्हणून शेठनी स्वतःहून सभा बोलावली. आपल्या नेहमीच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, सत्तर खुर्च्या, सव्वाशे माणसं. पोरांचे आईबापही आले होते. शेठ उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "टीम मी निवडली. हंगामाच्या मध्यात कोच मी बदलला. खाली गेलो त्याला जबाबदार मी आहे, दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका." बंड्या, हॉल उभा राहिला. पक्याच्या डोळ्यांत पाणी. मी तर तळहात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. आपल्या गावात कुठल्या मालकाला हे शब्द उच्चारताना आपण ऐकलंय?

मग प्रश्नोत्तरं. "कोच कोण?" उत्तर दिलं. "बाहेरचे खेळाडू ठेवणार का?" तेही दिलं, घोळवलं नाही. माइक माझ्याकडे आला. मी म्हटलं, "शेठ, लहान पोरांच्या बॅचची वर्षाची फी आपण घेतली आहे. जानेवारीपासून मैदान कुठलं?"

त्यांनी मोबाइल उलटा होता तो सुलटा केला, परत उलटा ठेवला. म्हणाले, "सर, ते ऑफिसात या. सविस्तर बोलू."

आणि मी बसलो.

अण्णा मागून उठले, माइकशिवाय. "ऑफिसात कशाला? आईबाप इथंच बसलेत की." शेठ म्हणाले, "अण्णा, तुमचा मान आहे, पण चहा गार होतोय." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. अण्णा नाही हसले. टोपी घालून जिना उतरून गेले.

तुझी मला त्याच मिनिटाला आठवण झाली. २०२१ची ती रात्र आठव. युरोपातल्या बड्या क्लबांची सुपर लीग एप्रिलमध्ये १८ तारखेला जाहीर झाली आणि २० तारखेला कोसळली, मग तुझ्या लिव्हरपूलच्या जॉन हेन्रीने व्हिडिओवर माफी मागितली. मी तुला म्हटलं होतं, तुझा मालक निदान समोर तरी आला. ग्लेझर मंडळींनी २००५ साली माझं मँचेस्टर युनायटेड घेतलं, आणि जोएल ग्लेझर चाहत्यांच्या प्रतिनिधींशी बोलायला बसला तो जून २०२१मध्ये, तोही स्क्रीनवर. सोळा वर्षं! त्यावर तू ओरडला होतास, "लेका, कॅमेऱ्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. पहिलं उत्तर कुणीही पाठ करून येतो. दुसऱ्या प्रश्नाला काय करतो ते बघ." आपण पहाटे दोनपर्यंत भांडलो आणि तू माझा फोन आपटलास. मला वाटत होतं, युनायटेडवर बोलायची संधी तू सोडत नाहीस, एवढंच. तुझं म्हणणं मला आत्ता, त्या हॉलमध्ये, खुर्चीत बसल्यावर कळलं.

(तरी लिव्हरपूलच्या २०१६च्या निषेधाचं तुझं पालुपद मी ऐकून घेणार नाही. ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७व्या मिनिटाला दहाएक हजार लोक उठून गेले, चार दिवसांत मालकांनी माफी मागून भाव मागे घेतला, सगळं मान्य. पण तेव्हा तुम्ही संडरलँडवर २-०ने पुढे होता आणि लोक गेल्यावर २-२ झालं, हे सांगताना तुझा आवाज नेहमी बारीक होतो!)

मंगळवारी ऑफिसात गेलो. पाऊण तास बाहेर बसवलं. मग आत बोलावून शेठनी कपाटातून वही काढली आणि माझ्यापुढे उघडली. कार्बनच्या निळ्या पावत्या, एकाखाली एक. चौतीस पोरं, प्रत्येकी सहा हजार, म्हणजे दोन लाख चार हजार. त्यांचा अंगठा त्या आकड्यावरून सरकत पुढच्या पानावर गेला. तिथे हंगामाच्या मध्यात आणलेल्या दोघा खेळाडूंचे पगार आणि खोलीभाडं. पोरांचे पैसे तिथे गेले होते. मैदानाचं भाडं डिसेंबरअखेरपर्यंतच भरलंय. म्हणाले, "वाटलं होतं वर टिकलो तर स्पॉन्सर येईल आणि हे भरून निघेल. नाही टिकलो. सर, हे मी सभेत बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं गेली असती. हे तुमच्यापुरतं ठेवा." डोळे तांबारलेले होते. एक शब्द खोटा नव्हता.

मी म्हणालो, "बरं."

हे "बरं" मला दहा दिवस झोपू देत नाहीये. परवा प्रॅक्टिस संपल्यावर चौदा नंबरच्या पोराची आई थांबली. जर्सी गुडघ्याखाली लोंबते तो, डाव्या पायाचा. तू आलास की दाखवीन, त्याचा पहिला टच बघ नुसता. ती बाई दोन घरच्या पोळ्या करून फी भरते. विचारलं, "सर, शेठ काय म्हणाले?" मी म्हटलं, "बोलणी चालू आहेत." तिने मान हलवली आणि पोराच्या बुटांची नाडी सोडायला खाली वाकली. माझ्या तोंडात शेठचंच वाक्य आलं होतं. चहा गार होतोय म्हणायचं तेवढं बाकी होतं.

शेठ वाईट माणूस नाही, हे तूही जाणतोस. अकरा वर्षं खिशातून घातलंय. लॉकडाउनमध्ये माळ्याच्या घरी महिन्याचं रेशन त्यांनीच पोचवलं. म्हणून तर हॉल हसला. मी खूप विचार केला यावर. ते हसू लाचारीचं नव्हतं, भीतीचं होतं. आपण पुण्यात काय पाहिलं? पुणे एफसी २००७ला निघाला, २०१२-१३ला आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या मुख्य लीगमध्ये, दुसरा आला, २०१५ला संपला. भारत एफसी एका हंगामात गेला. मग पुणे सिटी. मार्च २०१८ला बालेवाडीत बेंगळुरूशी इंडियन सुपर लीगची सेमीफायनल ०-०, आपण दोघं घसा बसेस्तोवर ओरडत होतो. चार दिवसांनी तिकडे त्यांच्या छेत्रीने तीन मारले. आणि २०१९ला ती फ्रँचायझीच हैदराबादला गेली. पाच वर्षांत तीन क्लब. अशा गावातला माणूस मालकाला दुसरा प्रश्न विचारताना आधी हाच विचार करतो की, दुखावला तर शटर ओढेल. मालकही ते ओळखून असतो.

त्याच २०१९च्या जुलैत तू मला तुमच्या जर्मनीतल्या श्टुटगार्ट क्लबचं सांगितलं होतंस. क्लब खाली गेलेला, युनियन बर्लिनने प्लेऑफमध्ये हरवलेला, आणि सभासदांची सभा स्टेडियमात. अध्यक्षांना काढायचं मतदान होणार, तर वायफाय बंद पडलं आणि सभाच गुंडाळली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी आपणहून राजीनामा दिला. तुझ्या ऑफिसातला सभासद कसा लाल होऊन आला होता ते सांगताना तू हसत होतास. मी मात्र हसलो नव्हतो, आठवतंय? इकडे आमचा क्लब गावच सोडून चालला होता आणि तू मला वायफायची गंमत सांगत होतास. मी चिडून फोन ठेवला. आता त्या गोष्टीत मला वेगळंच दिसतं. तिथे निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात ठेवायचा नियम आहे. अध्यक्ष गेला तरी क्लब उद्या सकाळी तिथेच असणार, हे शिट्ट्या मारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो दुसरा, तिसरा, दहावा प्रश्न विचारतो. आपला क्लब शेठच्या वहीत आहे. वही मिटली की आपण मिटलो.

आणि नुसतं बोलणारा मालक मिळाला म्हणून भागतं असंही नाही. मार्च २०२५मध्ये आमच्या युनायटेडचा सहमालक रॅटक्लिफ याने मुलाखती दिल्या. प्रश्न कठीण होते, तो उठून गेला नाही. वर्षाअखेर क्लबकडची रोकड संपली असती म्हणाला, काही खेळाडू त्या दर्जाचे नाहीत, काहींचे पगार अवाच्या सवा आहेत असंही म्हणाला. मला तो आवडला. पण त्या आधी २५० माणसांची नोकरी गेली होती, आणखी २००पर्यंत जाणार होते, उरलेल्यांचं फुकट जेवण बंद झालं होतं. त्यांच्यापुढे कुणी माइक धरला? त्या हंगामात आम्ही पंधरावे आलो, ते एकवेळ विसरेन. हे विसरत नाही. कारण आपल्या हॉलमध्येही तेच झालं. टीमचा हिशेब टीमच्या चाहत्यांना मिळाला, आणि जिचे पैसे गेले ती बाई तिसऱ्या रांगेत गप्प बसून होती.

आज सकाळी शेठच्या घरी गेलो. चहा झाला. मी सांगितलं, "येत्या रविवारी सकाळी सातला मैदानावर पालकांना बोलावलंय. तुम्ही या आणि पोरांच्या पैशांचं तुम्हीच सांगा. नाही आलात तर मी सांगेन."

"वही माझ्याकडे आहे, सर."

"आकडे माझ्या पाठ आहेत, शेठ."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची नात आतून येऊन मांडीवर बसली, तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मला दारापर्यंत सोडायला आले, नेहमीसारखे. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

मी शब्द मोडतोय, बंड्या. "तुमच्यापुरतं" म्हणाले होते आणि मी "बरं" म्हटलं होतं. ते मला खुपतंय. पण चौदा नंबरच्या आईला दुसऱ्यांदा "बोलणी चालू आहेत" म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. पोरं गेली तर जातील. डिसेंबरपर्यंत मैदान आहे, तोवर मी रोज येणार. पुढचं अण्णा म्हणतात त्यांच्या ओळखीच्या शाळेचं पटांगण आहे, खडी आहे त्यात, वेचावी लागेल. वेचू.

तुझं नवीन घर, वहिनींची नोकरी, चिनूचा जर्मनचा पेपर, सगळं वाचलं, अभिनंदन सगळ्यांचं. घराचे फोटो नीट बघितले नाहीत अजून, बघतो. तुझ्या आई परवा भाजी घेताना भेटल्या, तब्येत छान वाटली, तू फोनवर घाईत असतोस अशी तक्रार होती, तेवढं बघ.

रविवारी फोन जवळ ठेव. सात वाजता तुझ्याकडे मध्यरात्र उलटून साडेतीन, तेव्हा नाही उठवत. साडेनऊला करतो, तुझे सहा वाजलेले असतील. शेठ आले की नाही ते आधी तुला सांगेन, मग पक्याला. फोन आपटू नकोस.

तुझा,
दिल्या