मंत्रीसाहेब, पिंपासमोरचा फोटो आठवतो, शब्द आठवतो का?

माननीय मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आपण अभ्यासदौऱ्यावर जर्मनीत हायडेलबर्गला आला होतात. इथल्या मंडळातर्फे, रजा टाकून, किल्ला दाखवायला मी होते. दोन लाखांहून जास्त लिटर वाइन मावणाऱ्या 1751 सालच्या पिंपासमोर आपण फोटो काढलात आणि उतरताना म्हणालात, “ताई, तुमच्या गावच्या गडालाही कठडा बसवू. दिवाळीच्या आत.”

दिवाळी गेली, होळीही गेली. मागच्या मंगळवारी बाबा गावच्या गडाच्या त्याच बिनकठड्याच्या पायऱ्यांवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मला पहाटे तीनला फोन. मग साठ-सत्तर हजारांचं तिकीट, बिनपगारी रजा, आणि आईचं एकच पालुपद: “मंत्री बोलले होते ना गं?”

त्या दिवशी मी घसा कोरडा करून सांगत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या फौजांनी 1689 आणि 1693 साली हा किल्ला उद्ध्वस्त केला. 1764 मध्ये वीज पडून पुन्हा जळाला. मग गावकरी दगड नेऊ लागले, आपल्याकडे नेतात तसेच. ते थांबवायला 1810 पासून झटला कोण, तर ग्रेमबर्ग नावाचा फ्रेंच सरदार. पाडणाऱ्यांच्याच देशाचा! 1900च्या सुमारास सगळं नव्यानं बांधायची टूम निघाली, तेव्हा गेओर्ग डेहिओ हा कलेतिहासकार आडवा आला: आहे ते जपा. म्हणून ओट्टहाइनरिश महालाच्या वरच्या खिडक्यांतून आजही आभाळ दिसतं. तरी खाली औषधालयांचं संग्रहालय आहे, उन्हाळ्यात अंगणात नाटकं होतात, लग्नंही लागतात. वर्षाला दहा लाख माणसं येतात म्हणे.

आपण तेव्हा फोनवर होतात. किल्ल्यावर नेणारी 1890ची दोरानं ओढली जाणारी रेल्वे तेवढी लक्षात राहिली असावी, कारण परत जाऊन आमच्या गडासाठी जाहीर केलात रोपवे. सोबत लेझर शो. कोणी चाळीस कोटी म्हणतं, कोणी साठ. कठड्यात टक्केवारी सुटत नसणार.

गावानं विचारलं तर पुरातत्त्व म्हणतं वनखात्याची परवानगी आणा, वनखातं म्हणतं बांधकामकडे जा, बांधकामवाले म्हणतात साहेबांची सही नाही. साहेब म्हणजे आपणच ना? की तेही दौऱ्यावर? शिवजयंतीला हार घालायला बरे सगळे एकत्र येता.

कठड्याचं काय करायचं ते करा. अभ्यासदौऱ्याचा अहवाल मात्र पाठवा. बाबांना सहा आठवडे पडून राहायचंय, वाचतील.

आपली,
त्या दिवशीची गाइड